साधा रविवार सांभाळणारी संडे स्कूल : मंडळीतील बालसेवेचे नियोजन आणि संचालन

महाराष्ट्रातील मराठी ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये मुलांसाठी काहीतरी करायला हवे, ही चर्चा वर्षातून दोनदा हमखास होते: एकदा मेच्या सुटीतील व्हीबीएसच्या, म्हणजे सुटीतल्या बायबल शाळेच्या (व्हेकेशन बायबल स्कूल) तोंडावर आणि दुसऱ्यांदा नोव्हेंबरात नाताळच्या नाटकाच्या तालमी सुरू होताना. दोन्ही वेळी उत्साह असतो, पैसा उभा राहतो, तरुण संघातली मुले-मुली रात्री उशिरापर्यंत थांबून पताका लावतात. मग जुलैमधल्या एखाद्या पावसाळी रविवारी नऊच मुले येतात आणि त्यांना काय शिकवायचे हे त्या दिवशी सकाळी चर्चच्या पायरीवर उभ्या उभ्या ठरते. बालसेवा कितपत जिवंत आहे ते त्या रविवारी कळते, असे माझे स्पष्ट मत आहे. म्हणून या लेखात नियोजनाची सुरुवात सणांपासून न करता साध्या रविवारांपासून केली आहे.

डोळ्यांपुढे ठेवली आहे ती तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावातली प्रॉटेस्टंट मंडळी: तीस ते साठ मुले, एक सभागृह, एक व्हरांडा, दोन-तीन ठिकाणची जबाबदारी असलेले पाळक आणि एकही पगारी शिक्षक नाही. वसईसारख्या भागातील कॅथलिक धर्मग्रामांत धर्मशिक्षणाची घडण वेगळी असते, कारण तिथले वर्ग प्रथम कम्युनियनसारख्या संस्कारविधींच्या तयारीशी बांधलेले असतात. तरीही सुरक्षेविषयी आणि पाठाच्या तयारीविषयी पुढे जे लिहिले आहे, ते तिथेही लागू पडेल.

आधी माहिती, मग ठराव

पहिले काम मुलांची यादी करण्याचे आहे आणि ते बाप्तिस्म्याच्या नोंदवहीवरून होत नाही. त्या वहीतली काही कुटुंबे नोकरीसाठी पुण्या-मुंबईला गेलेली असतात, तर बाहेरून बदली होऊन आलेल्या कुटुंबांची तिच्यात नोंदच नसते. दोघादोघांनी मिळून तीन-चार आठवडे संध्याकाळी घरोघर जावे आणि प्रत्येक मुलासाठी एक पान भरावे: नाव, जन्मतारीख, इयत्ता, शाळेचे माध्यम, आई-वडिलांचे फोन, दम्यासारखा किंवा फिट येण्याचा काही त्रास, कोणत्या खाण्याने अंगावर उठते, आणि रविवारी मुलाला कोण आणणार व कोण नेणार. अनेक घरांत मुलांना आजी घेऊन येते. तेव्हा तिच्याशी बोलल्याशिवाय ती भेट पूर्ण झाली असे समजू नये.

शाळेच्या माध्यमाचा रकाना किरकोळ वाटतो, पण पुढचे पुष्कळसे नियोजन त्यावर अवलंबून असते. इंग्रजी माध्यमातली पाचवी-सहावीची मुले घरी अस्खलित मराठी बोलतात, मात्र मराठी पवित्र शास्त्रातला उतारा वाचायला दिला की अडखळतात, लाजतात आणि पुढच्या रविवारी येत नाहीत. रॉबर्ट रेक्सने १७८० मध्ये इंग्लंडमधल्या ग्लॉस्टर येथे रविवारची शाळा सुरू केली, तेव्हा आठवडाभर राबणाऱ्या मुलांना वाचायला शिकवणे हा त्या शाळेचा मुख्य भाग होता. आपल्या शहरी मंडळ्यांत देवनागरी वाचनापुरते तेच काम पुन्हा करण्याची वेळ आलेली आहे. दर रविवारी दहा मिनिटे, मोठ्या अक्षरांत लिहिलेल्या चार ओळी एकत्र वाचणे एवढ्यानेही वर्षभरात फरक दिसतो. पाठांतरासाठी मात्र मंडळीत उपासनेला वापरतात तेच भाषांतर कायम ठेवावे. सोप्या भाषेतल्या आवृत्त्या गोष्ट सांगताना हाताशी असाव्यात, पण एकच वचन दोन पाठभेदांत शिकवले तर मुले दोन्ही विसरतात.

यादी हातात आली की ती घेऊन मंडळीच्या कमिटीपुढे जावे आणि लेखी ठराव मागावा. ठरावात चार गोष्टी असाव्यात: संडे स्कूलची जबाबदारी कोणाकडे, किती काळासाठी, वार्षिक अंदाजपत्रकात किती रक्कम आणि सुरक्षेचे नियम कोणते. खर्चाचा हिशेब सोपा आहे. समजा चाळीस मुले आहेत आणि कागद, रंग, झेरॉक्स, पाणी व थोडा खाऊ यांसाठी दर रविवारी मुलामागे १५ रुपये धरले, तर एका रविवारचे ६०० रुपये होतात आणि पस्तीस रविवारांचे २१,०००. ही रक्कम कमिटीने देणगीदारांच्या भरवशावर न सोडता अंदाजपत्रकात वेगळ्या नावाने दाखवावी. मुलांनी टाकलेले दान या खर्चात मुळीच मिसळू नये. ते कोणत्या कामासाठी जाणार हे मुलांना आधी सांगावे आणि गेल्यावर किती गेले तेही सांगावे. दहा वर्षांच्या मुलाला हिशेब कळतो आणि तो लक्षातही राहतो.

अभ्यासक्रमाच्या आधी सुरक्षा

“आपल्या मंडळीत सगळे ओळखीचे आहेत” हे वाक्य या विषयावर जवळजवळ प्रत्येक बैठकीत ऐकू येते. नियम लागतात ते नेमके याच कारणासाठी. मुलांवर अत्याचार करणारी व्यक्ती बहुधा ओळखीतली आणि विश्वासातली असते, आणि ओळखीमुळेच शंका घ्यायला कोणी धजत नाही. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, म्हणजे पॉक्सो कायदा, २०१२ मध्ये आला. अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती त्याच्या दृष्टीने बालक आहे, आणि धार्मिक संस्थेच्या व्यवस्थापनातील किंवा सेवेतील व्यक्तीने तिथल्या मुलावर केलेला अत्याचार हा कायदा अधिक गंभीर स्वरूपाचा मानतो. कलम १९ नुसार असा गुन्हा घडल्याचे कळलेल्या किंवा तो घडण्याची भीती वाटणाऱ्या कोणत्याही व्यक्तीने विशेष बाल पोलीस पथकाला अथवा स्थानिक पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. न कळवल्यास कलम २१ खाली शिक्षा आहे, आणि आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवणाऱ्या संस्थाप्रमुखासाठी ती जास्त आहे. तेव्हा “आधी कमिटीत चौकशी करू, मग पाहू” हा मार्ग उपलब्धच नाही. संकटातल्या मुलांसाठीच्या चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८ हा क्रमांक सभागृहाच्या दाराजवळ मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर लावावा, म्हणजे तो मुलांनाही वाचता येईल.

रोजच्या व्यवहारातले नियम थोडे आणि काटेकोर असावेत. कोणत्याही गटाबरोबर एकमेकांच्या नात्यातले नसलेले किमान दोन प्रौढ असावेत. पती-पत्नी दोघेच एका खोलीत शिकवत असतील, तर तिसऱ्या व्यक्तीने अधूनमधून आत डोकावावे. दार उघडे राहावे किंवा दाराला काच असावी. लहान मुलांना स्वच्छतागृहात नेण्याचे काम ठरलेल्या बायकांकडेच असावे आणि त्यांनी बाहेर थांबावे. मुलाला एकटे मोटारसायकलवर घरी सोडायला शिक्षकाने जाऊ नये, पाऊस कितीही असला तरी. अशा वेळी आई-वडिलांना फोन करून ते येईपर्यंत दोघांनी थांबावे. मारणे, कान पिळणे, कोंबडा करणे पूर्णपणे बंद असावे. जुन्या पिढीतल्या काही शिक्षकांना हे पटत नाही, पण तिथे सूट देऊ नये.

फोटोंचा प्रश्न अलीकडचा आहे. मुलांचे फोटो मंडळीच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकण्यापूर्वी नोंदणीच्या पानावरच पालकांची लेखी परवानगी घ्यावी, आणि शिक्षकाने कोणत्याही मुलाशी खासगी संदेशांतून बोलू नये. निरोप द्यायचा असेल तो पालकांच्या गटावर द्यावा.

नाताळात किंवा व्हीबीएसला शेजारची इतर धर्मांतली मुलेही हौसेने येतात. त्यांचे स्वागत करावे, पण त्यांच्या आई-वडिलांना कार्यक्रमात काय असते, कोणत्या गोष्टी सांगितल्या जातात हे मोकळेपणाने सांगून लेखी होकार घेतल्याशिवाय त्यांना बसवू नये, आणि येण्यासाठी कोणतेही आमिष दाखवू नये. कायद्याच्या दृष्टीने हे शहाणपणाचे आहेच, शिवाय शेजारधर्मही तेच सांगतो.

वेळ कोणती?

दोन पद्धती रूढ आहेत. एकीत संडे स्कूल उपासनेच्या आधी तासभर भरते, दुसरीत मुले पहिल्या गीतांनंतर उठून बाहेर जातात आणि उपदेश संपेपर्यंत त्यांचा वर्ग चालतो. दुसरी पद्धत पालकांना सोयीची आहे, पण तिच्यात एक खोट आहे: शिक्षक महिनोन् महिने उपदेश ऐकत नाहीत आणि मुले मोठ्यांची उपासना कधी पाहतच नाहीत. पुढे चौदाव्या वर्षी त्यांना एकदम बाकावर बसवले की त्यांना ती परकी वाटते. माझा कौल पहिल्या पद्धतीकडे आहे. ज्या गावांत कुटुंबे वाड्या-वस्त्यांवरून एसटीने किंवा वडापने येतात, तिथे मात्र ती जमत नाही. तिथे उपदेशाच्या वेळेचा वर्ग ठेवावा, महिन्यातला एक रविवार मुलांना आई-वडिलांजवळ बसवावे आणि त्या दिवशी पाळकांनी मुलांना समजेल असा छोटा उपदेश करावा. शिक्षकांच्या दोन तुकड्या करून त्यांना आलटून पालटून उपासनेत बसू द्यावे.

शिक्षक निवडणे आणि टिकवणे

बालसेवा बंद पडते ती बहुतेक वेळा शिक्षक थकल्यामुळे. एकच ताई पंधरा वर्षे सगळे सांभाळते, तिचे लग्न होते किंवा बदली होते आणि सगळे थांबते. यावर उपाय म्हणजे मुदत. प्रत्येक शिक्षकाला जून ते मार्च अशी एका वर्षाची नेमणूक द्यावी, वर्षअखेर त्याला मोकळेपणाने थांबता यावे आणि थांबणाऱ्याचे उपासनेत आभार मानले जावेत. चाळीस मुलांसाठी सहा शिक्षक आणि दोन राखीव एवढे बळ असावे.

निवडताना सुरेल गळा किंवा बोलघेवडेपणा यांना नको इतके महत्त्व मिळते. त्यापेक्षा वेळेवर येणारा, मुलाचे बोलणे शेवटपर्यंत ऐकून घेणारा आणि गोष्ट आधी वाचून येणारा माणूस शोधावा. निवृत्त जिल्हा परिषद शिक्षक मंडळीत असतील तर त्यांच्याकडे मोठे भांडवल असते. नव्या माणसाला लगेच वर्ग देऊ नये. सहा महिने त्याने जुन्या शिक्षकासोबत नुसते सहायक म्हणून बसावे, यात त्याची ओळखही होते आणि मंडळीला त्याची पारखही करता येते. पाळकांनी प्रत्येकाशी एकट्याने बोलून आणि आधीच्या मंडळीत विचारूनच होकार द्यावा.

सगळ्यात उपयोगी सवय शनिवारच्या तासाची आहे. शनिवारी संध्याकाळी सगळे शिक्षक एकत्र बसतात, एकजण उद्याची गोष्ट सांगून दाखवतो, इतर प्रश्न विचारतात, कागद-रंग मोजून बाजूला ठेवतात आणि मुलांची नावे घेऊन प्रार्थना करतात. हा तास ज्या मंडळीत सातत्याने चालतो, तिथे महागड्या प्रशिक्षण शिबिरांची फारशी गरज पडत नाही.

गट

तीन ते पाच, सहा ते आठ, नऊ ते अकरा आणि बारा ते चौदा असे चार गट आदर्श आहेत. मुले वीसच असतील तर दोन गट पुरेत आणि सीमा आठव्या वर्षावर ठेवावी, कारण त्या सुमारास मूल सलग वाचू लागते. भावंडांना वेगळे करताना धाकटे रडत असेल तर एक-दोन महिने थोरल्याजवळ बसू द्यावे. ऐकू न येणारे, चालता न येणारे किंवा एका जागी बसू न शकणारे मूल वयाप्रमाणे आपल्या गटातच असावे आणि त्याच्या जोडीला एक सहायक द्यावा. त्याला काय जमते हे त्याच्या आईला विचारावे, अंदाज करू नये.

वर्षाचा आराखडा

शाळा जूनच्या मध्यावर सुरू होतात, तेव्हा संडे स्कूलचे वर्षही तिथूनच धरावे. मार्चअखेरपर्यंत साधारण चाळीस रविवार मिळतात. दिवाळीच्या सुटीत निम्मी मुले गावी जातात, डिसेंबरचे दोन-तीन रविवार नाताळात जातात, परीक्षांच्या दिवसांत हजेरी रोडावते. तेव्हा तीसच पाठ योजावेत आणि उरलेले रविवार उजळणीसाठी मोकळे ठेवावेत. चाळीस पाठांचा आराखडा ऑक्टोबरातच मागे पडतो, मग शिक्षक तो पाळणेच सोडून देतात.

पाठ निवडताना सुट्या सुट्या गोष्टींऐवजी सलग माळा घ्याव्यात. जून-जुलैत योसेफाच्या चार-पाच गोष्टी, ऑगस्ट-सप्टेंबरात मोशे आणि वाळवंटातला प्रवास, दिवाळीनंतर येशूच्या जन्माकडे नेणारे पाठ, जानेवारीपासून येशूचे दाखले व भेटी, आणि लेंतच्या, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळाच्या दिवसांत झावळ्यांच्या रविवारापासून पुनरुत्थानापर्यंतचा आठवडा. ईस्टर कधी मार्चअखेरीस येतो, कधी एप्रिलच्या उत्तरार्धात, म्हणून कॅलेंडर पाहिल्याशिवाय ही शेवटची माळ पक्की करू नये. मधल्या मोकळ्या रविवारांसाठी एक माळ मला फार आवडते, ती पवित्र शास्त्रातल्या मुलांची: टोपलीतल्या तान्ह्या मोशेवर लांबून लक्ष ठेवणारी त्याची बहीण, रात्री हाक ऐकणारा शमुवेल, नामानाच्या घरी बंदिवासात असलेली मुलगी, याईराची बारा वर्षांची मुलगी, पाच भाकरी आणि दोन मासे जवळ असलेला मुलगा, आणि मंदिरात प्रश्न विचारणारा बारा वर्षांचा येशू. नामानाच्या घरच्या त्या मुलीचे नाव शास्त्रात नाही, पण तिने सांगितलेल्या एका वाक्यावर सेनापतीचा सगळा प्रवास उभा आहे. नऊ-दहा वर्षांच्या मुलींना ही गोष्ट विशेष भिडते.

काही गोष्टी लहानांसाठी नाहीत. इफ्ताहाच्या नवसाची गोष्ट किंवा शास्ते पुस्तकाचा शेवट बारा वर्षांखाली सांगू नये. इसहाकाच्या अर्पणाची गोष्ट सहा वर्षांच्या मुलाला सांगितली तर ते आपल्या बापाकडे घाबरून पाहू लागते. ती मोठ्या गटासाठी ठेवावी आणि तिथेही घाई करू नये.

एक पाठ जवळून

लूकच्या एकोणिसाव्या अध्यायातली, येशूला पाहण्यासाठी झाडावर चढलेल्या जकातदार जक्कयाची गोष्ट घेऊ. तिची लांबी दहाच वचनांची आहे आणि मराठी मुलाला ती लगेच दिसते: गर्दी, बुटका माणूस, उंबराचे झाड. पण याच गोष्टीचे आपल्याकडे सर्वाधिक वाटोळे होते, कारण सांगणारा तिसऱ्या मिनिटाला “म्हणून मुलांनो, आपण चोरी करू नये” इथे येऊन पोचतो.

शनिवारी तयारी करताना शिक्षकाने उतारा तीनदा वाचावा आणि स्वतःला विचारावे की या गोष्टीत पहिले पाऊल कोण टाकतो. जक्कय पैसे परत करण्याचे कबूल करतो ते येशू त्याच्या घरी जायला निघाल्यानंतर, आधी नाही. हा क्रम हाती ठेवला की गोष्ट आपोआप सरळ चालते. जकातदार म्हणजे काय हे समजावताना व्याख्या देऊ नये. बाजारात भाजी विकायला बसलेल्या बाईकडून दहाऐवजी वीस रुपये घेणारा आणि वरचे दहा खिशात घालणारा माणूस दाखवावा, तोही रोमी सत्तेच्या नावाने, त्यामुळे गावाला त्याचा दुहेरी राग.

तास पुढीलप्रमाणे घालवता येतो. पहिली दहा मिनिटे मुले येतात, हजेरी होते, प्रत्येकाला नावाने विचारपूस केली जाते. पुढची दहा मिनिटे दोन गाणी आणि मुलांनीच केलेली छोटी प्रार्थना. मग बारा ते पंधरा मिनिटे गोष्ट, त्याहून जास्त नाही. गोष्ट सांगताना पुस्तक हातात उघडे असावे, म्हणजे ती कुठून आली हे मुलांना दिसते, पण नजर मुलांवर असावी. सात-आठ मुलांना उभे करून त्यांची भिंत करावी आणि गटातल्या सगळ्यात लहान मुलाला तिच्यामागून पलीकडचे पाहायला सांगावे. टाचा उंचावून, मान वाकडी करून ते जे करते, तेच सगळ्यांना कायमचे आठवते. मग खुर्चीवर चढवावे, खुर्ची एका मोठ्याने धरलेली असावी. येशू झाडाखाली थांबतो तिथे सांगणाऱ्यानेही थांबावे, दोन श्वास काहीच बोलू नये, आणि मग त्याला नावाने हाक मारावी.

यानंतर प्रश्न. “या गोष्टीपासून आपण काय शिकतो?” हा प्रश्न वर्ज्य समजावा, कारण त्याची उत्तरे मुलांना पाठ असतात: खोटे बोलू नये, आई-वडिलांचे ऐकावे, प्रार्थना करावी. त्याऐवजी विचारावे: लोक का कुरकुरले असतील? तुम्ही गर्दीत असता तर तुम्हाला राग आला असता का? त्या रात्री जक्कयाच्या घरी जेवताना काय बोलणे झाले असेल? ज्या बाईला पैसे चौपट परत मिळाले, ती घरी जाऊन काय म्हणाली असेल? उत्तर चुकीचे वाटले तरी लगेच दुरुस्त करू नये, “असे तुला का वाटले?” एवढेच विचारावे. लहान गट या वेळात झाडाचे चित्र काढेल, मोठा गट दहावे वचन वाचून त्याचा अर्थ आपल्या शब्दांत लिहील. शेवटची पाच मिनिटे वचनाच्या पाठांतराला द्यावीत: फळ्यावर पूर्ण वचन लिहावे, सगळ्यांनी वाचावे, एक शब्द पुसावा, पुन्हा म्हणावे, असे करत फळा कोरा होईपर्यंत. शब्द कोणता पुसायचा हे मुलांनी ठरवायचे असते, त्यामुळे यात मुले रमतात.

गाणी

मराठी मंडळीजवळ गीतांचा मोठा ठेवा आहे. नारायण वामन टिळकांनी अभंग आणि भजनांच्या वळणाने रचलेली गीते ‘उपासना संगीत’ या मंडळीच्या गीतसंग्रहात आहेत, आणि पेटी-तबल्यावर ती मुलांना सहज येतात. आज अनेक ठिकाणी मोबाइलवर हिंदी-इंग्रजी ॲक्शन साँग लावून मुलांना नाचवण्यात वेळ जातो. त्याला माझा विरोध नाही, पण दर महिन्याला एक मराठी गीत अर्थासह आणि चालीसह पक्के बसवावे. वर्षाकाठी दहा गीते झाली तरी मुले उपासनेत मोठ्यांबरोबर गाऊ लागतात.

अवघड प्रश्न

आजोबा वारल्यानंतरच्या रविवारी मूल विचारते, “आम्ही प्रार्थना केली होती, तरी ते का गेले?” अशा वेळी “देवाला चांगली माणसे लवकर लागतात” असे काही बोलू नये, कारण त्या मुलाला मग चांगले होण्याचीच भीती वाटते. मला ठाऊक नाही, मलाही वाईट वाटते, लाजराच्या कबरेजवळ येशूही रडला होता, एवढे बोलून त्याच्याजवळ बसावे. तसेच नरकाचे वर्णन करून किंवा रडवून लहान मुलांकडून निर्णय वदवून घेण्याची जी पद्धत काही सभांतून दिसते, ती संडे स्कूलमध्ये आणू नये. भीतीपोटी दिलेला होकार दृढीकरणाच्या, म्हणजे बाप्तिस्म्याची वचने स्वतः घेण्याच्या विधीच्या वयापर्यंत टिकत नाही.

बक्षिसे आणि परीक्षा

पूर्ण हजेरीचे बक्षीस प्रत्यक्षात पालकांना मिळते. ज्याचे वडील येत नाहीत, ज्याची आई रविवारीही कामावर जाते, ते मूल हरते, आणि संडे स्कूलची सर्वाधिक गरज नेमकी त्यालाच असते. वर्षअखेरीस परीक्षा घ्यायची असेल तर ती तोंडी, गटाने आणि गोष्ट सांगण्याच्या स्वरूपात घ्यावी, आणि पुस्तक किंवा वही सगळ्यांना सारखीच द्यावी.

नाताळ आणि व्हीबीएस

नाताळच्या नाटकाच्या तालमी संडे स्कूलच्या तासात घेऊ नयेत. त्यासाठी शनिवार दुपार किंवा रविवारची उपासनेनंतरची वेळ ठरवावी. संहिता लूक आणि मत्तयच्या पहिल्या दोन अध्यायांवरून मुलांनीच बोलीभाषेत तयार करावी आणि प्रत्येक मुलाला काहीतरी काम असावे. मेंढपाळ कितीही असले तरी चालतात, देवदूतांची संख्याही शास्त्राने बांधून दिलेली नाही. मरीयेची भूमिका दरवर्षी कमिटीतल्या कोणाच्या तरी मुलीलाच मिळते अशी कुजबुज पुष्कळ मंडळ्यांत असते. चिठ्ठ्या टाकाव्यात, म्हणजे विषय संपतो.

व्हीबीएस पाच दिवसांची पुरेशी होते. विदर्भ-मराठवाड्यात मेमध्ये ऊन चाळीस अंशांच्या वर जाते, म्हणून सकाळी साडेसात ते अकरा ही वेळ ठेवावी आणि शक्य असेल तिथे शाळेच्या परीक्षा संपताच एप्रिलअखेरीसच ती उरकावी. पिण्याच्या पाण्याचे पिंप, ओआरएसची पाकिटे, प्रथमोपचार पेटी आणि जवळच्या दवाखान्याचा फोन या गोष्टी पताकांच्या आधी याव्यात. खाऊ साधा असावा: पोहे, केळी, लिंबाचे सरबत. शेंगदाण्याची चिक्की सोयीची असते, पण नोंदणीच्या पानांवर कोणाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे का हे पाहूनच आणावी. पाच दिवसांचे पाठ वर्षाच्या आराखड्याला जोडलेले असावेत, म्हणजे जूनमध्ये नव्याने आलेल्या मुलाला धागा सापडतो.

घर, हजेरीपट आणि पुढचे वर्ष

पवित्र शास्त्रातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात मुलांना शिकवण्याची जबाबदारी घरी बसलेल्या आणि वाटेने चालणाऱ्या आई-बापांवर टाकलेली आहे, आणि तीमथ्याच्या बाबतीत पौलाने त्याच्या आजीचे व आईचे नाव घेतले आहे. म्हणून दर रविवारी मुलाबरोबर एक चिठ्ठी घरी जावी: गोष्टीचा संदर्भ, पाठांतराचे वचन आणि जेवताना विचारण्यासाठी एकच प्रश्न. लांबलचक सूचना कोणी वाचत नाही.

हजेरीपटाचा उपयोग बक्षिसांसाठी करायचा नसला तरी हजेरी नेमाने भरावी. सलग तीन रविवार न आलेल्या मुलाच्या घरी चौथ्या आठवड्यात शिक्षकाने जावे. तक्रार करायला म्हणून नव्हे, नुसते भेटायला. आजारपण, वडिलांची सुटलेली नोकरी, गटातल्या कोणी दिलेला त्रास या गोष्टी अशाच भेटीत कळतात.

ऑक्टोबरात आणि मार्चमध्ये शिक्षकांनी पाळकांसह अर्धा दिवस बसून आढावा घ्यावा. कोणते पाठ राहिले, कोणती मुले गळाली, कोणता शिक्षक थकला आहे, सुरक्षेचा कोणता नियम पाळला जात नाही, एवढेच विषय पुरेत. मार्चच्या बैठकीत चौदा वर्षांच्या मुलांची यादी वेगळी काढावी. त्यांना तरुण संघात जायला अजून अवकाश असतो आणि संडे स्कूल लहान मुलांची वाटू लागलेली असते. दृढीकरणाचा वर्ग सुरू होईपर्यंत त्यांना सहा ते आठच्या गटात सहायक म्हणून बसवावे. मात्र दोन प्रौढांच्या नियमात त्यांची गणना करू नये, कारण कायद्याने तीही बालकेच आहेत. हजेरी भरणे, फळा लिहिणे, खुर्ची धरणे यापासून सुरुवात करून वर्षाच्या शेवटी एखादी गोष्ट त्यांनी स्वतः सांगावी आणि शनिवारच्या तासाला ती आधी शिक्षकांपुढे सांगून दाखवावी.